जरा कडक गोळी द्या

दिवाळी सरली की आमच्या पट्ट्यात साखर कारखान्यांची धुराडी सुरू होतात आणि प्राथमिक आरोग्य केंद्राची ओपीडी खोकल्यानं भरून जाते. पहाटेचं दव, पाचटाचा धूर, उघड्या रानातल्या कोप्या, रात्री-अपरात्री गाडी भरायला उठलेली माणसं. केसपेपरच्या खिडकीपाशी गावातले लोक असतात, बीडकडून आलेले ऊसतोड कामगार असतात, पण तक्रारी सगळ्यांच्या सारख्याच. नाक गळतंय, घसा धरलाय, अंग मोडून आलंय, खोकला थांबत नाही. मागणंही सारखंच.

“म्याडम, जरा कडक गोळी द्या.”

“त्या साध्या पांढऱ्या नकोत, त्या हायत घरात. मागल्या बारीला ती लांबुळकी दिलेली, तिनं एका दिवसात गुण आला.”

“काय सुई मारायची ती मारा, पण उद्या उभं राहता आलं पाहिजे.”

मी या भागात वैद्यकीय अधिकारी म्हणून बरीच वर्षं काम करते आहे. अँटिबायोटिकच्या गैरवापरावर आमचं प्रशिक्षण झालं की जेवणाच्या सुट्टीत एक वाक्य हमखास कानावर येतं: “आपण काय करणार, पेशंटच मागतात. नाही दिलं तर समोरच्या दवाखान्यात जातात.” हे म्हणणारे माझे सहकारी खोटं बोलत नाहीत. एका सकाळी शंभरावर रुग्ण बघायचे, त्यात लसीकरण, बाळंतपणं, मीटिंगा, अहवाल. तरीही हे वाक्य मला पटत नाही. रुग्ण नेमकं काय मागतोय हे ऐकून घ्यायच्या आधीच आपण त्याच्या तोंडी अँटिबायोटिक घालून मोकळे होतो, असं माझं मत दिवसेंदिवस पक्कं होत चाललं आहे.

ऊसतोडीचंच बघा. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. दोघांपैकी एक जण आजारी पडला की कोयता थांबतो, खाडा पडतो आणि मुकादम त्या दिवसाचे पैसे उचलीवर चढवतो. हंगामाआधी घेतलेली उचल लग्नात, घराच्या पत्र्यात, जुन्या कर्जात गेलेली असते. ती फिटेपर्यंत दुखणं अंगावर काढायचं, एवढं एकच रजेचं धोरण या माणसांना ठाऊक आहे. अशा माणसाला ताप आल्यावर तो रांगेत उभा राहतो तेव्हा त्याच्या दृष्टीनं ती निम्मी मजुरी बुडालेलीच असते. एका तरुण कामगाराला मी विचारलं होतं, “दादा, कडक म्हणजे नक्की काय पाहिजे तुम्हाला?” तो गोंधळला. मग म्हणाला, “काय बी द्या. उद्या फडात गेलो पाहिजे.” त्याच्या उत्तरात कुठल्या औषधाचं नाव नव्हतं. त्याला उद्याचा दिवस हवा होता. पॅरासिटामॉलनं अंगदुखी आणि ताप उतरला असता तर त्याचं तेवढ्यानं भागणार होतं आणि भागलंही.

सगळ्यांचं असं भागत नाही, हेही खरं. कारण ‘गुण येण्याचा’ जो हिशोब लोकांच्या मनात बसलेला आहे, तो अनुभवातून आलेला आहे आणि वरवर बघता बिनतोड आहे. सर्दी-खोकला विषाणूंमुळे होतो, अँटिबायोटिक जिवाणूंवर चालतं, हे आम्ही सांगतो. रुग्ण मान डोलावतो. पण त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं असतं की मागच्या वेळी तीन दिवस घरगुती उपाय करून काही झालं नाही, चौथ्या दिवशी मेडिकलमधून गोळ्या आणल्या आणि सहाव्या दिवशी तो बरा झाला. गोळी घेतली नसती तरी साध्या सर्दीतून तो त्याच सुमाराला उठला असता. पण न घेतलेल्या गोळीचा अनुभव कुणाच्याच गाठीला नसतो. श्रेय गोळीला जातं आणि पुढच्या वेळी ती चौथ्याऐवजी पहिल्याच दिवशी आणली जाते.

खोकल्याच्या बाबतीत तर हा हिशोब फारच फसवा आहे. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात लोकांना विचारलं गेलं की साधा खोकला किती दिवस राहील असं तुम्हाला वाटतं. बहुतेकांची उत्तरं सात ते नऊ दिवसांच्या आसपास होती. त्याच संशोधकांनी आधीच्या अभ्यासांमधून प्रत्यक्ष काळ काढला, तो सरासरी सुमारे १८ दिवसांचा निघाला. हे काम २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं. मी ते वाचलं तेव्हा माझ्या ओपीडीतला आठव्या-नवव्या दिवसाचा माणूस डोळ्यांसमोर आला. त्याच्या मते खोकला आतापर्यंत जायला हवा होता. तो गेला नाही म्हणजे काहीतरी बिघडलंय, आधीचं औषध हलकं पडलंय, आता भारी पाहिजे. त्याची काळजी रास्त आहे, फक्त मुदत चुकलेली आहे. ती मुदत त्याला आधी कुणी सांगितलेलीच नसते. आता मी पहिल्याच भेटीत केसपेपरवर तारीख घालून देते: अमुक तारखेपर्यंत खोकला हळूहळू कमी होत जाईल, त्यात घाबरायचं काही नाही. पण दोन आठवड्यांवर गेला तर बेडका तपासायला या, आणि ताप, वजन घटणं, बेडक्यात रक्त असं काही दिसलं तर तेवढंही थांबू नका. क्षयरोगाच्या या देशात खोकल्याला ‘आपोआप जाईल’ एवढं म्हणून सोडून देता येत नाही. तारीख दिली की माणूस शांत होतो, हा माझा अनुभव आहे.

डॉक्टरांना रुग्णाच्या मनातलं कितपत कळतं? लॉस एंजेलिस परिसरातल्या बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यांत झालेला एक अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. पालकांच्या अपेक्षा आधी विचारून ठेवल्या आणि मुलाला तपासल्यावर डॉक्टरांना विचारलं की पालकांना काय हवं होतं असं तुम्हाला वाटलं. आजार विषाणूजन्य आहे असं डॉक्टरांनाच वाटत होतं अशा मुलांमध्येसुद्धा, पालकांना अँटिबायोटिक हवंय असा डॉक्टरांचा समज झाला की ६२ टक्के वेळा ते लिहिलं गेलं. तसा समज नसेल तेव्हा फक्त ७ टक्के वेळा. पालकांच्या खऱ्या अपेक्षेवर ते ठरत नव्हतं. आणि ज्यांना अँटिबायोटिक हवं होतं पण मिळालं नाही, ते पालक त्यामुळे नाराजही झाले नव्हते. नाराज झाले ते डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं नाही म्हणून.

चीनमध्ये याची दुसरी बाजू तपासली गेली. संशोधकांनी शिकवून तयार केलेली माणसं साध्या सर्दी-तापाची लक्षणं घेऊन रुग्ण म्हणून दवाखान्यांत गेली. जवळपास दोन तृतीयांश भेटींत त्यांना अँटिबायोटिक मिळालं. त्यांच्या जोडीची दुसरी माणसं तीच लक्षणं सांगून वर एवढंच म्हणाली की साध्या सर्दीला अँटिबायोटिक घेऊ नये असं मी वाचलंय. प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास उतरलं. रुग्णाच्या एका साध्या वाक्यानं एवढा फरक पडला. हा अभ्यास २०११ मधला आहे. म्हणजे रुग्णाचा दबाव असतो हे खरंच, पण तो उलट दिशेनंही चालतो आणि डॉक्टर त्याला तितक्याच लवकर वाकतात. आमच्या गावच्या महिला बचत गटाच्या बैठकीत मी हे सांगितलं तेव्हा एक ताई म्हणाल्या, “म्हंजी आम्ही इचारलं तर चालतं व्हय डॉक्टरला?” मी म्हटलं, चालतं, विचारायलाच हवं. ‘यात अँटिबायोटिक आहे का? ते लागणारच आहे का?’ हे दोन प्रश्न विचारायला कुणाची परवानगी लागत नाही.

आणखी एक गोष्ट आमच्या पेशात फारशी बोलली जात नाही. औषध देणं हेसुद्धा एक शिकवणं असतं. इंग्लंडमध्ये १९९७ साली घसादुखीच्या सातशेवर रुग्णांचे गट पाडून बघितलं होतं. काहींना लगेच अँटिबायोटिक दिलं, काहींना दिलं नाही, काहींना ‘बरं वाटलं नाही तर तीन दिवसांनी घेऊन जा’ असं सांगितलं. आजाराच्या मुदतीत गटागटांत फारसा फरक पडला नाही. फरक पडला तो विश्वासात. ज्यांना लगेच औषध मिळालं, त्यांतल्या ८७ टक्के लोकांना ते औषध गुणकारी वाटू लागलं, तर बाकीच्या दोन गटांत हे प्रमाण ५५ ते ६० टक्क्यांच्या दरम्यान राहिलं. पुढच्या घसादुखीला पुन्हा डॉक्टरकडे यायचा विचारही पहिल्या गटातच जास्त होता. आज माझ्यासमोर बसून ‘तीच लांबुळकी द्या’ म्हणणाऱ्या माणसाला ही मागणी करायला कुणी शिकवलं, याचं उत्तर त्यात आहे. ती आमच्याच खिडकीतून, आमच्याच पेशाच्या हातून त्याच्यापर्यंत गेली आहे.

तरीही या श्रद्धेला नुसतं अज्ञान म्हणणं मला जड जातं. ती कमावलेली श्रद्धा आहे. ज्या आज्या आज सुईसाठी हट्ट धरतात, त्यांच्या आयांनी न्यूमोनियानं गेलेली पोरं पाहिली, बाळंतपणानंतरच्या तापात गेलेल्या जावा-नणंदा पाहिल्या. मग पेनिसिलीन आलं. पुण्याजवळ पिंपरीला १९५४ मध्ये सरकारनं हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही कंपनी स्थापन केली, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीनं कारखाना उभा राहिला आणि पुढच्या वर्षी देशातलं पेनिसिलीन तिथं बनू लागलं. पूर्वी परदेशातून येणारं महागडं औषध जिल्ह्याच्या दवाखान्यापर्यंत, तिथून तालुक्याला पोचायला लागलं. तापानं फणफणलेलं मूल सुई दिल्यावर दोन दिवसांत दूध प्यायला लागलं, हे ज्या घरात घडलं त्या घरात सुईचं मोल पिढ्यान् पिढ्या सांगितलं जाणारच. आमच्या गावातल्या एक नव्वदीच्या आजी अजूनही ‘पेनिसिलीनवाल्या डॉक्टर’ची आठवण काढतात. त्यांच्या थोरल्या मुलाला त्यानं वाचवलं होतं. अशा माणसाला ‘सुईनं काही होत नाही’ असं सांगायला गेलं की तो आपलं ऐकायचं थांबवतो, आणि त्याचं बरोबर असतं. सुईनं झालेलं त्यानं पाहिलंय. त्या वेळी न्यूमोनिया होता आणि आज सर्दी आहे, एवढाच फरक त्याला सांगायचा असतो, आणि तो सांगायला वेळ लागतो.

हा फरक ओळखण्याचं काम गडचिरोलीत फार सुंदर रीतीनं झालं आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तिथल्या गावांतल्या आरोग्यदूतांना आणि दाईंना मुलाचे श्वास मोजायला शिकवलं. ज्यांना फार मोजता येत नव्हतं त्यांच्यासाठी मण्यांचं साधन बनवलं. श्वास ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त असतील तर न्यूमोनिया समजून कोट्रायमॉक्सॅझोल द्यायचं, नसतील तर साधा खोकला समजून द्यायचं नाही. बालमृत्यू घटले. १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं. अँटिबायोटिकच होतं, स्वस्तातलं, आणि ते डॉक्टरनं दिलेलंही नव्हतं. पण देण्याआधी कुणीतरी मुलाच्या छातीकडे पूर्ण एक मिनिट बघत बसलं होतं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला मिनिटाला ६० किंवा जास्त, वर्षाच्या आतल्याला ५०, पाच वर्षांपर्यंत ४०: हे आकडे आमच्या आशाताईंना तोंडपाठ आहेत. मी आयांनाही शिकवते. मोबाईलवर मिनिट लावायचं, मूल झोपलेलं किंवा शांत असताना मोजायचं. बाई एकदा मोजायला शिकली की ‘कडक औषध द्या’ म्हणत नाही, ‘पंचेचाळीस भरले’ म्हणत येते, आणि मग मला तिच्या बाळाच्या वयावरून लगेच पुढं ठरवता येतं.

आता मेडिकलविषयी. आमच्याकडे ‘मेडिकल’ म्हणजे औषधाचं दुकान, आणि बऱ्याच घरांसाठी तोच पहिला दवाखाना. केसपेपर नाही, रांग नाही, रात्री नऊपर्यंत उघडं. “सर्दी-तापाच्या दोन दिवसांच्या गोळ्या द्या” म्हटलं की दुकानदार तीन-चार पाकिटांतून कात्रीनं दोन-दोन गोळ्या कापतो आणि कागदाच्या पुडीत बांधून देतो. त्यात एक तापाची, एक सर्दीची आणि बहुतेक वेळा एक अँटिबायोटिक असतं. केंद्र सरकारनं फेब्रुवारी २०१६ मध्ये ‘लाल रेषे’ची मोहीम सुरू केली: पाकिटावर उभी लाल रेषा असेल ते औषध डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. कल्पना चांगली होती. पण पाकीट कापलं की रेषा दुकानात राहते. नाव, मुदत संपण्याची तारीख, सगळंच तिथं राहतं आणि गिऱ्हाइकाच्या हातात येते ती नुसती गोळी. त्याआधी १ मार्च २०१४ पासून ‘शेड्यूल एच-वन’ ही औषधांची यादी लागू झाली, त्यात काही अँटिबायोटिकांच्या विक्रीची वेगळी नोंदवही ठेवायची सक्ती आहे, रुग्णाचं आणि डॉक्टरचं नाव लिहून. वही असते. पुडीतल्या दोन गोळ्या तिच्यात कुणी लिहिलेल्या मला कधी दिसल्या नाहीत.

पण दुकानदारालाही सरसकट दोषी धरता येत नाही. दिल्ली, मुंबई आणि पाटण्यात रुग्ण म्हणून तयार केलेल्या माणसांना औषधदुकानांत पाठवून केलेला एक अभ्यास २०१६ मध्ये आला. नुसता बरेच दिवसांचा खोकला आणि ताप सांगितला तेव्हा ३७ टक्के वेळा दुकानदारांनी अँटिबायोटिक दिलं. क्षयरोग असल्याचा तपासणीचा कागद दाखवला तेव्हा हे प्रमाण १६ टक्क्यांवर आलं आणि बहुतेकांनी डॉक्टरकडे जायला सांगितलं. क्षयरोगाची मुख्य औषधं परस्पर कुणीच विकली नाहीत. म्हणजे समोर निदान असेल तर दुकानदार जबाबदारीनं वागतो. निदान नसेल तर सर्वांत वाईट शक्यतेवर औषध देऊन टाकतो, आणि खरं सांगायचं तर घाईतला डॉक्टरही तेच करतो. केरळनं २०२४ पासून चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक विकणाऱ्या दुकानांवर मोहीम उघडून धाडी घातल्या. ते आपल्याकडेही व्हावं असं मला वाटतं. मात्र ज्या वाडीतून आरोग्य केंद्र गाठायला दोन एसट्या बदलाव्या लागतात, तिथं नुसतं दुकान बंद करून भागणार नाही. उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी खरोखर हजर असेल, तरच दुकानदाराला नाही म्हणायला तोंड राहील.

मागच्या वर्षी एक नवविवाहिता आली होती. लघवीला जळजळ, ओटीपोटात दुखणं, थंडी वाजून ताप. आधी नवऱ्यानं मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या झाल्या, मग खासगी दवाखान्यातल्या दुसऱ्या झाल्या. लघवीचं कल्चर, म्हणजे त्यातल्या जंतूंवर कुठलं औषध चालतं ते बघणारी तपासणी, करून घेतलं. अहवालात औषधांची लांब यादी होती आणि एकेका नावापुढे ‘रेझिस्टंट’, म्हणजे जंतू या औषधाला जुमानत नाहीत. आम्ही शिकत असताना या आजाराला डोळे झाकून दिलं जाणारं सिप्रोफ्लॉक्सासिन त्यात होतंच. गोळीनं भागण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून तिला जिल्हा रुग्णालयात दाखल करावं लागलं आणि शिरेतून औषध द्यावं लागलं. सुट्टी मिळाल्यावर ती मला भेटायला आली आणि तिनं जो प्रश्न विचारला तो मी विसरू शकत नाही. “म्याडम, मी तर लहानपणापासून कधी गोळ्या खाल्ल्या नाहीत. आमच्या घरात सगळं काढ्यावर. मग माझ्या अंगाला औषधं का लागू पडेनात?”

बहुतेकांना असंच वाटतं की औषधाची सवय अंगाला होते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये भारतासह १२ देशांत विचारणा केली, तेव्हा ७६ टक्के लोकांनी शरीरच औषधाला सरावतं असं म्हटलं. भारतातल्या ७५ टक्के लोकांना सर्दी-फ्लू अँटिबायोटिकनं बरा होतो असं वाटत होतं. पहिल्या समजुतीचं नुकसान मला जास्त मोठं वाटतं, कारण तिच्यामुळे हा ज्याचा त्याचा खासगी मामला होतो. मी जास्त गोळ्या खाल्ल्या तर माझं नुकसान, तुम्हाला काय त्याचं? खरं तर सरावतात ते जंतू. आणि जंतू घराघरांत, पाण्यातून, अन्नातून, हातांमधून, दवाखान्याच्या खाटांवरून फिरतात. त्या मुलीनं या आजाराआधी कधी गोळी खाल्ली नव्हती. तिच्या आसपासच्या शेकडो लोकांनी खाल्ल्या होत्या. तिच्या वाट्याला आलेले जंतू त्यांच्याकडून शिकून आले होते.

पेनिसिलीन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंगनं हे डिसेंबर १९४५ मध्येच सांगून ठेवलं होतं, नोबेल पारितोषिक स्वीकारताना केलेल्या व्याख्यानात. त्यानं एका काल्पनिक गृहस्थाची गोष्ट सांगितली. गृहस्थाचा घसा दुखतो, तो दुकानातून पेनिसिलीन आणतो, अपुरं घेतो. जंतू मरत नाहीत, पण पेनिसिलीनला तोंड कसं द्यायचं ते शिकतात. मग तेच जंतू त्याच्या बायकोला होतात, तिला न्यूमोनिया होतो, पेनिसिलीन चालत नाही आणि ती मरते. या मृत्यूला जबाबदार कोण, असं फ्लेमिंगनं विचारलं होतं. ही गोष्ट मी ओपीडीत अनेकदा सांगते, कारण ती घरातली आहे. गैरवापर केला एकानं, मेली दुसरी. पुढं जे झालं ते या गोष्टीच्या पलीकडे गेलं आहे: २०१९ या एका वर्षात जगभरात १२ लाख ७० हजार मृत्यू थेट औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे झाले, असा अंदाज २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला.

उरलेल्या गोळ्यांविषयीही लिहायला हवं. आमच्याकडे प्रत्येक घरात औषधांचा एक डबा असतो, बिस्किटांचा जुना नाहीतर मिठाईचा. त्यात अर्ध्या पाकिटातल्या गोळ्या असतात, मुलांच्या पातळ औषधाच्या बाटल्या असतात. पावडरमध्ये पाणी घालून केलेलं ते औषध एक-दोन आठवड्यांत टाकून द्यायचं असतं, पण पन्नास-साठ रुपये मोजून आणलेली बाटली पुढच्या तापासाठी जपून ठेवली जाते. शेजारणीच्या मुलाला ताप आला तर त्यातलंच दोन चमचे दिलं जातं. यामागे निष्काळजीपणा नसतो. काटकसर असते आणि शेजारधर्म असतो. म्हणून मी रागावत नाही. आमच्या एका आशाताईंनी घरभेटीत हे डबे उघडून बघायला सुरुवात केली आणि उरलेली अँटिबायोटिकं केंद्रात जमा करायला लावली, ते मला कुठल्याही पोस्टरपेक्षा मोलाचं वाटतं.

आणि जिथं अँटिबायोटिक खरंच लागतं, तिथं काय होतं? शाळेच्या आरोग्य तपासणीत एका नववीतल्या मुलीच्या हृदयात आवाज ऐकू आला. तपासण्या झाल्या. लहानपणीच्या घसादुखीतून होणारा संधिवाताचा ताप येऊन गेला होता आणि हृदयाची झडप खराब झाली होती. अशा मुलांना दर तीन आठवड्यांनी बेंझाथिन पेनिसिलीनचं इंजेक्शन द्यावं लागतं, वर्षानुवर्षं, म्हणजे झडप आणखी बिघडत नाही. ज्या जंतूमुळे हे होतं, तो स्ट्रेप्टोकोकस सत्तर-ऐंशी वर्षं वापरूनही पेनिसिलीनला आजवर शरण जातो, ही दुर्मीळ चांगली बातमी आहे. पण मुलीची आजी म्हणाली, “पोरगी ठणठणीत हाय, पळती, खेळती. कशाला सुया टोचता?” ही तीच आजी, जी स्वतःच्या प्रत्येक सर्दीला सुई मागते. मला तिच्या बोलण्यात विसंगती दिसली नाही. तिच्यासाठी औषध म्हणजे दुखण्यावरचा उतारा. दुखणंच दिसत नसेल तर उतारा कशावर? तिला मी नातीच्या छातीवर स्टेथोस्कोप ठेवून तो आवाज ऐकवला, आणि शेजारच्या मुलीच्या छातीवर ठेवून न येणारा आवाजही ऐकवला. आता दर तीन आठवड्यांनी आजीच नातीला घेऊन येते. मुलगी रडते, सुई फार दुखते, आजी तिचा हात धरून बसते. कधी कधी आमच्याकडे ते इंजेक्शनच शिल्लक नसतं. तेव्हा मला जी चीड येते ती ‘कडक गोळी’ मागणाऱ्या कुणाहीवर कधी आलेली नाही.

हट्टानं ‘नाही’ म्हणण्यातून काही साधत नाही, हे मी वर्षानुवर्षं बघते आहे. रुग्णाला रिकाम्या हातानं पाठवलं की तो मेडिकलमध्ये जातो. त्याला काहीतरी करायला द्यावं लागतं. आपल्या लोकांना पथ्याची भाषा कळते आणि पटतेही. कोमट पाणी, वाफारा, गुळण्या, वर्षावरच्या मुलाला झोपताना चमचाभर मध, तापाची गोळी किती तासांनी, जुलाब असतील तर ओआरएस आणि मुलाला १४ दिवस झिंक: हे सगळं मी वेळापत्रकासारखं लिहून देते. ‘काही नाही, व्हायरल आहे’ असं म्हणत नाही, कारण ‘काही नाही’ हे आजारी माणसाला अपमानासारखं लागतं. घशात बघते, छाती दोन्ही बाजूंनी ऐकते आणि काय दिसलं ते मोठ्यानं सांगते: “छाती स्वच्छ आहे, मामा. फुप्फुसात काही उतरलेलं नाही.” हे ऐकल्यावर मामांच्या चेहऱ्यावरचा ताण सैल होतो. त्यांना बहुधा हेच हवं असतं.

पण कोयत्यावरच्या माणसासाठी हे पुरत नाही, हे मी मान्य करते. विश्रांती घ्या, असं त्याला सांगणं म्हणजे उचल वाढवा असं सांगणं. दोन हंगामांपूर्वी मी तापाच्या रुग्णांना तीन दिवस विश्रांतीची चिठ्ठी द्यायला लागले आणि आमच्या हद्दीतल्या मुकादमांना बोलावून विनंती केली की चिठ्ठी असेल तर खाडा धरू नका. एकानं ऐकलं. त्याच्या टोळीतली माणसं हंगामभर माझ्याकडे गोळीऐवजी चिठ्ठी मागत आली. बाकीच्यांनी ऐकलं नाही, त्यांनाही वरून कारखान्याचा तगादा असतो. गळीत सुरू झालं की कारखान्याच्या आवारात आरोग्य शिबिर भरतं आणि औषधांची खोकी येतात, त्यात अँटिबायोटिकची खोकी सगळ्यांत जास्त असतात. तेवढ्याच पैशांत किती कोयत्यांचे दोन-तीन दिवसांचे खाडे भरून निघतील, याचा हिशोब आमच्या औषध निर्माण अधिकाऱ्यांनी आणि आशाताईंनी मिळून मांडला आहे. यंदा गळिताची पहिली मोळी टाकण्याच्या आधी तो कागद घेऊन आम्ही संचालक मंडळाकडे जाणार आहोत.